‘फॉक्स न्यूज’चा परवाना करमणुकीचा? नाही!

‘अमेरिकन कोर्टानेच सांगितलं, फॉक्स न्यूज बातम्यांचं चॅनेल नाही, परवाना करमणुकीचा आहे,’ असं फिरतंय. अर्धवट ऐकीव माहितीला मीठमसाला लावलाय.

परवान्याचं तर सोडूनच द्या. तिथलं सरकारी दूरसंचार आयोग हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या स्थानिक केंद्रांना परवाने देतं, फॉक्स न्यूजसारख्या केबल वाहिन्यांना नाही. मग ‘बातम्या’ की ‘करमणूक’ असा शिक्का मारणार कोण?

कोर्टाचा निकाल मात्र खरा आहे. तो होता फॉक्सचा उजव्या विचारांचा निवेदक टकर कार्लसन याच्या, तेव्हा सोमवार ते शुक्रवार रात्री ८ वाजता लागणाऱ्या कार्यक्रमाबद्दल. डिसेंबर २०१८ मध्ये एका भागात तो म्हणाला, की दोन बायकांनी ट्रम्पकडे पैसे मागितले, ही सरळसरळ खंडणी आहे. त्यांतल्या कॅरन मॅकडूगल यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायाधीशांनी तो फेटाळला. कार्यक्रमाचा एकूण सूर पाहता प्रेक्षकाला कळतं की ही अतिशयोक्ती आणि मतप्रदर्शन आहे, वस्तुस्थितीचं निवेदन नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा त्या वक्तव्यांपुरता. अख्ख्या वाहिनीबद्दल त्यात काही ठरलं नाही.

आणि गंमत म्हणजे, विरुद्ध, म्हणजे डाव्या गोटातल्या ‘एमएसएनबीसी’ वाहिनीच्या निवेदिका रेचल मॅडोलाही याच धाटणीच्या युक्तिवादाने वाचवलं. ‘वन अमेरिका न्यूज’ या प्रतिस्पर्धी वाहिनीला तिने रशियाचा पैसे घेऊन केलेला प्रचार म्हटलं होतं. त्यावरून लावलेला अब्रुनुकसानीचा दावा कोर्टाने २०२० मध्ये फेटाळला, २०२१ मध्ये अपिलातही तेच. हा भाग फॉरवर्ड करणारे सोयीस्करपणे गाळतात.