गाठ तिनं लपवली नव्हती : एका कमेंटला उत्तर

दादा, नमस्कार. छातीच्या कॅन्सरनं गेलेल्या, ब्लाऊज शिवणाऱ्या आमच्यातल्या एका पोरीवर मी लेख लिहिला, त्याखालची तुमची कमेंट काढून टाक म्हणून दोघी-तिघींनी सांगितलं, पण मी ठेवलीय. तुमचं म्हणणं असं की बी.ए. झालेली पोरगी आठ महिने गाठ अंगावर काढते यात दोष तिचाच, आपल्या बायका लाजेपायी तपासायला जात नाहीत अन् मग घरचे सिस्टिमला बोल लावतात. शिवाय गेलेल्या माणसाबद्दल भिशीची भांडणं, ब्लाऊज वेळेवर न देणं असलं काय लिहिलं, तिनं कॅन्सरशी कशी झुंज दिली ते लिहायचं होतं.

आधी पहिलं. गाठ तिनं लपवलीच नव्हती हो. लेक अंगावर पीत होती तेव्हा हाताला लागली, त्याच आठवड्यात तिनं सासूला सांगितलं अन् सासूनं (तुम्हाला वाटायलीय तशी ती सासू नाही) दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले दूध साकळलंय, शेका आणि पाजत राहा. पहिल्या खेपेला असं वाटण्यात काही वावगं नाही, पाजणाऱ्या बाईच्या बहुतेक गाठी दुधाच्या नाहीतर पू धरल्याच्याच असतात. पण गोळ्या संपल्या तरी गाठ तिथंच, ही परत गेली, परत गोळ्या, मग दुसरा डॉक्टर, तो म्हणला पाजणं बंद केलं की जिरून जाईल. दोन-तीन आठवड्यांत न गेलेली गाठ तपासायचीच असते, पाजत असतानाही सोनोग्राफी करता येते, सुईनं तुकडा काढून बायोप्सी करता येते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती दर वेळी केसपेपर काढून लेकराला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसत होती. याला अंगावर काढणं म्हणायचं का?

अन् वय २९. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरून घेतात त्यात छातीत गाठ आहे का असा प्रश्न असतो, पण तो फॉर्म तीस वर्षं अन् त्यापुढच्यांसाठी. तिच्या जावेचा भरला, हिचा नाही. शेवटी निघाला तो ट्रिपल निगेटिव्ह नावाचा छातीचा कॅन्सर, तरुण बायकांत हा प्रकार जास्त दिसतो, वाढतो झपाट्यानं आणि हार्मोनच्या गोळ्यांचा त्याला उपयोग नसतो.

लाजेचं म्हणाल तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. टाटा मेमोरियल, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल वगैरेंनी मिळून १९९९ पासून तिथं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला, तो गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा, म्हणजे छातीपेक्षाही अवघड तपासणी. खेड्यापाड्यातल्या बायका, बोलावलेल्यांपैकी बहुतेक जणी आल्या! २००९ मध्ये निकाल छापून आला, एकदाच एचपीव्ही (म्हणजे तो कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी केलेल्या गटात त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. कुणीतरी गावात येऊन नीट समजावून बोलावलं की बाया येतात. लाज हे कारण सांगायला सोपं पडतं एवढंच.

आता झुंजीचं. खरं सांगू का, मला ती झुंज-बिंज कुठं दिसलीच नाही. कळंबहून येरमाळ्यावरून बार्शी, बायकांना अर्धं तिकीट झालेलं, येडाईचा डोंगर दिसला की हात जोडायची अन् लगेच शेजारणीशी खिडकीवरून वाद. केशरी कार्डावर जनआरोग्य योजनेत केमो बसली. लाल औषधानं लघवी लाल झाली तेव्हा घाबरून रडली, केस गेले तेव्हाही रडली, उलट्यांनी बेजार झाली की सगळ्यांना शिव्या द्यायची, नवऱ्याला जास्त. ऑपरेशननंतर एका बाजूनं ब्लाऊज सपाट दिसायला लागला तर हिनं आतून खिसा शिवला आणि लेकीच्या उशीतली मोहरी काढून त्यात भरली, कापूस हलका पडतो म्हणली, वजन पाहिजे. मग वॉर्डातल्या बायका मापं द्यायला लागल्या, तर त्यांनाही तेच, उद्या देते, फक्त हुक लावायचे राहिलेत!

हे काढून तिथं हसतमुख वीरांगना बसवायची म्हणजे मग ती नेमकी कुणाची आठवण? शिवाय झुंजीनंच माणूस वाचत असता तर ती गेली म्हणजे कमी झुंजली असंच होतं ना, म्हणजे फिरून दोष तिच्याच माथी. तुमच्या दोन्ही तक्रारी मला तर एकाच जागेवरून आलेल्या वाटतात, राग मानू नका.

तुमच्या घरात पाजणारी लेक-सून असेल अन् तिला दोन-तीन आठवडे न हलणारी गाठ असेल तर सोनोग्राफी लिहून द्या म्हणून डॉक्टरपुढं अडून बसा, माझ्याशी वाद नंतर घाला.

भिशीचं वाक्य काढणार नाही. लेख मी तिच्या आईला वाचून दाखवला होता. मावशी म्हणल्या, नळावर माझ्याशी तीन दिवस अबोला धरला होता ते लिहायचं राहिलं की गं.