‘आपले हक्क जाणा’ फॉरवर्ड : अर्धं खरं, अर्धं हवेत

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बाईला अटक करता येत नाही, एफआयआर नाकारला तर पोलिसाला तुरुंगवास, वॉरंट नसेल तर पोलीस हात लावू शकत नाहीत, पोलीस चोवीस तास ड्युटीवर असतो, पंचतारांकित हॉटेलातही पाणी आणि स्वच्छतागृह फुकट. खाली ‘जनहितार्थ जारी’. १ जुलै २०२४ ला फौजदारी कायदे बदलले, तरी मेसेजातली कलमं जुन्या भारतीय दंड विधानाचीच (भादंवि). सगळं खोटं असतं तर परवडलं असतं. लोक अर्ध्या सत्यावर विसंबून पोलिसांशी हुज्जत घालतात.

हॉटेलाचं आधी उरकतो. १८६७ चा सराई (प्रवाशांच्या निवाऱ्यांचा) कायदा सांगतो की मालकानं खोल्या, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी नेमावेत, दरपत्रक लावावं. येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं फुकट द्या, असं त्यात कुठेही नाही.

पोलीस कायम ड्युटीवर, हे बरोबर. फक्त मेसेज १८६१ च्या कायद्याचा दाखला देतो आणि महाराष्ट्रात चालतो १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम २८. शिवाय कायम ड्युटीवर असला तरी अटक करताना त्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख हवीच.

आता बाईची अटक. कायद्यात ‘सहा ते सहा’ नाही. सूर्यास्त ते सूर्योदय आहे. आणि बंदीला अपवाद आहे : असाधारण परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकारी लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेते आणि रात्रीही अटक होते. मद्रास उच्च न्यायालयानं तर २०२५ मध्ये ही तरतूद बंधनकारक नसून निर्देशात्मक आहे, असं म्हटलं. तेव्हा रात्री दारात पोलीस आले तर घड्याळ दाखवून काही साधणार नाही, परवानगीचा कागद मागा. याहून रोज उपयोगी पडणारा हक्क मेसेजात नाहीच : साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. दिवसासुद्धा.

‘वॉरंट नाही तर अटक नाही’ हे सरळ चूक. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्यात वॉरंट लागत नाही. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक का गरजेची, याची कारणं पोलिसांनी नोंदवायची असतात. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात यावरूनच पोलिसांचे कान उपटले होते. अटकेची कारणं लेखी मिळणं आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर होणं, हे हक्क आहेत. वॉरंटवरून वाद घालण्यापेक्षा तिथे बोट ठेवा.

राहिला एफआयआर. लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. नकार दिला की तुरुंगवास, ही तरतूद आहे, भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये, सहा महिने ते दोन वर्षं. पण ती बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती. तुमचा मोबाईल बसमध्ये मारला गेला तर हे कलम लागूच होत नाही. ठाणे अंमलदारासमोर ते वाचून दाखवलंत तर तो मान डोलावतो आणि ‘मोबाईल गहाळ’ असा दाखला हातात ठेवतो. चोरीच्या जागी ‘गहाळ’ लिहिलं की गुन्हाही नाही आणि तपासही नाही. सही करण्याआधी तेवढा शब्द वाचा.

२०१३ च्या ललिता कुमारी निकालानुसार दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो. ‘हद्द आमची नाही’ ही सबबही आता चालत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो. मात्र तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या कायद्यानं दिली आहे. पाच हजारांच्या आतली चोरी तर अदखलपात्रात गेली. तिथे एनसीच (अदखलपात्र नोंद) होणार आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. फॉरवर्ड करणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

तरीही नकार मिळाला तर रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये आहे : तक्रार लेखी स्वरूपात टपालानं पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयाकडे, आणि तिथूनही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ठाण्यात जातानाच अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून पावती जपा. न्यायदंडाधिकारी आधी तीच मागतात.