वंशसंहार : संसदेचा ठराव आणि न्यायालयाचा निकाल

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की एक वाद हमखास पेटतो. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांना वंशसंहार म्हणावे, असा काहींचा आग्रह असतो. तर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी ‘पोलीस कारवाई’च्या काळात उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत झालेल्या मुस्लिमांच्या हत्यांना, ज्यांत हैदराबाद संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज भारत सरकारच्याच सुंदरलाल समितीने दिला, तेच नाव द्यावे, असे इतरांचे म्हणणे असते. हे नाव मिळाले की आपल्या माणसांचे दुःख वरच्या पायरीवर जाते, अशी दोन्हीकडची समजूत दिसते. मला ती मुळातच चुकीची वाटते.

संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार ९ डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला, म्हणजे हैदराबादच्या शरणागतीनंतर तीन महिन्यांच्या आत. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह, समूह म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय हा गुन्हा ठरत नाही. राजकीय गट तर त्याच्या व्याख्येतच नाहीत. म्हणून कंबोडियात २०१८ साली ख्मेर रूज या तिथल्या जुन्या कम्युनिस्ट राजवटीच्या नेत्यांना व्हिएतनामी आणि चाम मुस्लिमांच्या बाबतीत वंशसंहाराचे दोषी धरले गेले, पण सर्वाधिक बळी ज्या ख्मेर जनतेतले होते, त्यांच्या हत्या मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरल्या. त्यांचे मरण कमी भीषण होते, असे कोण म्हणेल?

संसदेच्या ठरावासारख्या राजकीय मान्यतेला हेतूचे पुरावे लागत नाहीत, सोय लागते. ऑटोमन तुर्कस्तानात झालेल्या आर्मेनियनांच्या कत्तलीला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आणि सिनेटने २०१९ मध्ये व अध्यक्ष बायडेन यांनी २०२१ मध्ये हे नाव दिले; त्याआधी कित्येक वर्षे तुर्कस्तानची मर्जी सांभाळली गेली. १९९४ मध्ये रवांडात माणसे कापली जात असताना अमेरिकेचे अधिकारी हाच उच्चार टाळत होते, कारण तो केला तर काहीतरी करावे लागेल, ही धास्ती होती. तरीही असे ठराव मला निरुपयोगी वाटत नाहीत. वारसांना निदान नकाराच्या अपमानातून ते सोडवतात.

खरी पळवाट वेगळीच आहे. ‘न्यायालयाचा निकाल येऊ द्या’ असे सरकारे सांगतात. मात्र बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले की, वंशसंहाराचा गंभीर धोका असल्याचे राज्याला कळले, किंवा कळायला हवे होते, त्या क्षणापासून तो रोखण्याचे कर्तव्य सुरू होते. ते निकालासाठी थांबत नाही आणि ठरावासाठीही नाही.

आपल्याकडे तर पायाच नाही. भारताने १९५९ मध्ये करार मंजूर केला; त्याच्या पाचव्या कलमानुसार देशांतर्गत कायदा करणे बंधनकारक आहे. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारावरील २०१८ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव नोंदवली, तरी २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा नाही. सप्टेंबरमध्ये एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपापल्या खासदारांकडे आधी हा कायदा मागावा.