मामांचं लिस्बन

मामा पेडण्याचे. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, विमानं त्यांच्या माडांवरून जायला लागली, आणि तेव्हापासून विमान या विषयात वाड्यावर कोणी त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही. त्यात मुलगा लिस्बनला. तिकिटं काढली मी, म्हणून शंकानिरसनाचं खातंही माझ्याकडे आलं.

खरं तर मामांना शंका नव्हतीच. "गोवा ते लिस्बन सरळ अंतर ८,३०० किलोमीटर. विमान ताशी ९०० धर. सव्वानऊ तास. आता तिकीट बघ. पहाटे साडेचारला सुटतं, दुपारी दीडला पोचतं. मोज. नऊ! पंधरा मिनिटं पायलटनं वाचवली."

मामा गणिताचे निवृत्त मास्तर. उत्तर जुळलं की रीत तपासायची नाही, हा त्यांचा जुना बाणा. आमच्या कितीतरी पिढ्या त्यावर पास झाल्या.

मी म्हटलं, मामा, हे विमान सरळ जात नाही. आधी आखातात उतरायचं, तिथं दोन तास ताटकळायचं, मग दुसऱ्यात बसायचं. शिवाय उन्हाळ्यात लिस्बनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. खरा प्रवास साडेतेरा तासांचा.

"मागे ना? मग वजा कर. साडेचार तास राहिले."

"अगो बाई," मामी आतून म्हणाली, "मुंबईला रेल्वेनं जायला याच्या दुप्पट लागतात!"

येतानाचं तिकीट दाखवलं, तर पंचाईत वाढली. दुपारी तीनला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मोपा. घड्याळात सतरा तास, प्रत्यक्षात साडेबारा. उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे येताना विमानाला पाठीमागून रेटा मिळतो, वेळ उलट कमी लागतो, हे मी कागदावर बाण काढून सांगितलं. मामांनी बाण पुसला.

"वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतला महिन्याच्या आत आला. परतताना आपल्या अंजदीव बेटावरून निघाला, तर मालिंदी गाठायला तीन महिने. का? वारा तोंडावर. परतताना वारा नडतोच!"

इतिहास बिनचूक होता. फक्त वास्कोचं परतणं म्हणजे मामांचं जाणं, आणि ते वारे समुद्रावरचे, मोसमी. एवढं बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामीनं मुद्द्याचा प्रश्न टाकला. "माझी बीपीची गोळी सकाळी आठची. विमानात कुठले आठ धरायचे?"

यावर मामासुद्धा गप्प. मी दोघांना म्हापशाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मामीचा कागद पाहिला, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "प्रवास किती तासांचा?"

"नऊ," मामा म्हणाले.