माझा कंट्रोल सुटला

गेला आठवडाभर आमच्या घरात माझी चौकशी चालू आहे. चौकशी अधिकारी सातवीत शिकते. तिच्याकडे एक भिंग आहे, आलेखाचा कागद आहे आणि बापाविषयी कसलाही पूर्वग्रह नाही. हे शेवटचं सगळ्यात वाईट. पूर्वग्रह असता तर तो निदान माझ्या बाजूचा असता.

प्रकरण सुरू झालं ते रोगकारक सूक्ष्मजीवांच्या धड्यापासून. परीक्षा जवळ आली होती, मी जेवून निवांत होतो, आणि निवांत बापाने मुलांचा अभ्यास घ्यावा असा आमच्या घरात अलिखित कायदा आहे. मी पुस्तक उघडून रुबाबात विचारलं, "रोग कशामुळे होतात?" ती म्हणाली, "तू सांग." मी म्हणालो, "जंतूंमुळे."

"जंतू म्हणजे नक्की कोण?"

आता या एका शब्दावर आमच्या पिढीचं आयुष्य निघालं. ताप आला, जंतू. पोट बिघडलं, जंतू. दात किडला, जंतूच. हिने माझ्यापुढे चार रकान्यांचा तक्ता सरकवला: जीवाणू, विषाणू, आदिजीव, कवक. प्रत्येकाचे दोन रोग सांगायचे. क्षय आणि टायफॉइड मी जीवाणूंच्या नावावर टाकले, गोवर आणि फ्लू विषाणूंच्या. इथवर ठीक होतं. हिवतापही मी विषाणूंकडेच पाठवला, तो तिने उचलून आदिजीवांत नेऊन बसवला. कवकांपाशी माझी गाडी पूर्ण थांबली.

"गजकर्ण," ती म्हणाली.

गजकर्णात गजही नसतो आणि कर्णही नसतो, असते ती बुरशी, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. (इंग्रजांनी त्याच रोगाच्या नावात किडा घातलाय. तिथे किडाही नसतो. तेव्हा याबाबत कुणी कुणाला हसू नये.) अब्रू वाचवायला मी घाईघाईने "आणि जंत!" असं पुस्ती जोडली. त्यावर, जंत वेगळे आणि जंतू वेगळे, पोटातले जंत तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, असं उत्तर मिळालं. तेवढ्यात हिच्या आईने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "त्यांना विचार, गेल्या वर्षी सर्दीला प्रतिजैविकं कुणी मागितली होती डॉक्टरांकडे."

मी मागितली होती. डॉक्टरांनी दिली नव्हती, आणि मी त्यांना मनातल्या मनात कंजूष ठरवलं होतं. आता लेकीने समजावलं की साधी सर्दी विषाणूंची असते. प्रतिजैविकं जीवाणूंची भित्तिका पाडतात किंवा त्यांच्या पेशीतला कारखाना बंद करतात. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच सामानावर स्वतःच्या प्रती काढतो. फ्लूचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे पट्टीवरच्या एका मिलिमीटरात ओळीने दहा हजार मावतील. तो जिवंत म्हणावा की नाही यावरही एकमत नाही. ज्याच्या जिवंतपणाचीच खात्री नाही त्याने मला पाच दिवस आडवं केलं होतं, हे ऐकून मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून प्रयोग घेऊन आली. विषय साधा: हात धुतल्याने ब्रेडवरच्या बुरशीत फरक पडतो का? एकाच पाकिटातले चार स्लाइस, चार बंद होणाऱ्या पिशव्या, प्रत्येक स्लाइसवर ड्रॉपरने मोजून दहा थेंब पाणी, आणि सगळ्या एकाच कपाटात. 'अ' या स्लाइसला कुणीच हात लावायचा नाही, तो चिमट्याने उचलून आत. 'ब'ला साबणाने धुतलेला हात, 'क'ला सॅनिटायझरचा हात, 'ड'ला न धुतलेला.

"न धुतलेला हात कुणाचा?" मी विचारलं.

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी नुकताच ऑफिसातून आलो होतो.

मला राग आला, हे कबूल करतो. पण माझ्या बाजूने इतिहास आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं की बाबांनो, तुम्ही शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासता, आधी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवा. त्या विभागात एप्रिल महिन्यात शंभरात अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. हात धुणं सुरू झालं आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. तरीही पुष्कळ डॉक्टरांना त्याचं म्हणणं पटलं नाही. आपले हात घाण असू शकतात हे एवढ्या शिकलेल्या माणसांना सहन झालं नाही, तिथे माझी काय कथा? मी तळवा 'ड'वर दाबला आणि मुकाट्याने बाजूला झालो.

बाजूला होता होता मी विचारलं की त्या 'अ'चं काम काय. त्याला तर काही करायचंच नाही.

"तो कंट्रोल," ती म्हणाली. "त्याला काहीच करायचं नसतं. तो नुसता असतो. बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची."

"म्हणजे घरातले बाबा," हिची आई म्हणाली.

मग मला रेडीची गोष्ट ऐकवण्यात आली. मांस कुजलं की त्यातून अळ्या आपोआप जन्मतात, असं लोक धरून चालले होते. १६६८ साली फ्रान्सिस्को रेडीने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही बरण्या उघड्या होत्या, काहींवर तलम कापड बांधलेलं. अळ्या झाल्या त्या उघड्या बरण्यांतल्या मांसावर, कारण तिथे माश्या बसू शकल्या. झाकलेल्या बरण्या नसत्या तर उघड्या बरण्यांनी काहीच सिद्ध केलं नसतं. मी मान डोलावली. गोष्ट मला पूर्ण समजली होती. म्हणूनच पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं मला म्हणता येत नाही.

त्या रात्री साडेअकराला मला भूक लागली. ब्रेडचं पाकीट रिकामं होतं. कपाट उघडलं तर समोर चार पिशव्या. आता चोराला असतो तेवढा विवेक मलाही आहे. मी चारही लेबलं नीट वाचली. 'ड'वर माझा हात पडला होता, तो मी खाणं शक्य नव्हतं. 'ब' आणि 'क'वर दुसऱ्यांचे हात होते. 'अ'वर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'कुणीही हात लावलेला नाही.' उपलब्ध पुराव्यांवरून तोच सर्वांत शुद्ध ठरत होता. माझ्या आयुष्यातला हा बहुधा पहिला पूर्णपणे शास्त्रीय निर्णय. एका कोपऱ्यात स्लाइस जरा ओलसर लागला, एवढंच.

पहाटे डोळे उघडले आणि रेडी आठवला. त्याच्या घरात रात्री भूक लागणारा एखादा माझ्यासारखा असता तर अळ्या अजून आपोआपच जन्मत असत्या. मी बुटांच्या नाड्या बांधल्या, लिफ्टचं बटण दाबलं, जिन्याच्या कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या उतरलो, ब्रेडचं नवं पाकीट आणलं, सुटे पैसे खिशात कोंबले, आणि सगळे उठायच्या आत एक स्लाइस 'अ'च्या पिशवीत सरकवून पिशवी बंद केली. हा क्रम मी इतक्या तपशिलाने सांगतोय, कारण नंतर तो मला लिहून द्यावा लागला.

पाच दिवस काही झालं नाही. मी आनंदात होतो आणि ती वैतागली होती. मग तिने पाकिटावरचे घटक वाचले. त्यात कॅल्शियम प्रोपिओनेट निघालं, बुरशीला लांब ठेवणारं. सहाव्या दिवशी 'ड'वर पांढरी लव दिसली आणि पुढे तिच्यात हिरवट ठिपके उमटले. लव म्हणजे बुरशीचे धागे, ठिपके म्हणजे बीजाणू, आणि धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, म्हणून वरचं खरवडून उरलेलं खायचं नाही, हेही सांगून झालं. हे सांगताना तिने माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं.

'अ' कोरा करकरीत होता. मला वाटलं, झालं, असाच निकाल हवा होता. पण ती पिशव्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, तीन पिशव्यांत आतून दव धरलंय. 'अ'मध्ये नाही."

दहा थेंब! दहा थेंब मी विसरलो होतो. मी म्हणालो, "झाकण नीट लागलं नसेल." ती म्हणाली, "हे एक गृहीतक झालं," आणि ते वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं. मग तिने वहीचं पहिलं पान उघडलं. बुरशीचं क्षेत्रफळ मोजता यावं म्हणून पहिल्याच दिवशी तिने चारही स्लाइसची कडा आलेखाच्या कागदावर गिरवून ठेवली होती. बंद पिशवी तशीच त्या रेघेवर ठेवली. 'अ' चारही बाजूंनी रेघेच्या आत बसला.

"आकसला असेल," मी म्हणालो.

"इतर तिघं का नाही आकसले?"

कंट्रोलचा उपयोग काय असतो ते मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळलं.

संशयितांची यादी झाली. आजी, आई, बाबा. आजीला ब्रेड आवडत नाही. आईने लेबलं स्वतः लिहिली होती. मी फ्लेमिंगचा आधार घेतला: तोही १९२८ साली प्लेटा तशाच टाकून सुट्टीवर गेला, परत आला तर एका प्लेटीत बुरशी, आणि त्या गबाळेपणातून पेनिसिलिन निघालं. प्रयोगात असं थोडंफार व्हायचंच.

"त्याने प्लेट खाल्ली नव्हती," ती म्हणाली.

खाण्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो. तिनेही माझ्यावर आरोप केलेला नव्हता. तरी मी पुढे रेटलं. बॅरी मार्शलने १९८४ साली जठरदाहाचे जीवाणू स्वतःच पिऊन टाकले, आजारी पडला, आणि २००५ साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे प्रयोगातली वस्तू पोटात जाणं हे विज्ञानाला नवीन नाही.

"त्याने नोंद ठेवली होती," ती म्हणाली. "तू ठेवलीस?"

नवव्या दिवशी निकाल लागला. 'अ'च्या उजव्या कडेवर एका बाजूला मोठा गोल डाग उगवला, आणि पिशवी उलटी केल्यावर मागे त्याच जागी शेजारी शेजारी दोन लहान. बाकी सगळा स्लाइस स्वच्छ. माणूस ब्रेड कसा धरतो ते तुम्हीही एकदा धरून बघा. वर अंगठा, खाली दोन बोटं. कुणीही हात न लावलेल्या स्लाइसवर माझा हात उगवून आला होता, हिरव्या रंगात, बीजाणूंसकट. नाड्या, लिफ्टचं बटण, कठडा, सुटे पैसे, सगळ्यांनी मिळून माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. धुतलेल्या हाताच्या 'ब'वर तेव्हा जेमतेम एक ठिपका होता. म्हणजे पहाटे हात धुतले असते तर कदाचित मी सुटलो असतो.

मी शेवटचा बचाव केला, तोही तिच्याच पुस्तकातून: एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, योगायोग असू शकतो. ती विचारात पडली. मग म्हणाली, "बरोबर आहे." मला तिचा अभिमान वाटला आणि सुटकेचा निःश्वास टाकायच्या आतच ती पुढे म्हणाली, "म्हणून परत करायचा. या वेळी प्रत्येकाचे तीन-तीन स्लाइस."

वही मॅडमकडे जाऊन आली. निष्कर्षाखाली मॅडमनी लाल शाईत एक वाक्य लिहिलं होतं: ब्रेडवर वाढली ती बुरशी, यावरून हातावरच्या रोगकारक जीवाणूंबद्दल किंवा विषाणूंबद्दल काही सांगता येणार नाही, विषाणू तर ब्रेडवर वाढतच नाहीत. लेकीला ते मान्य होतं. त्याखाली 'प्रयोगातील त्रुटींचे संभाव्य स्रोत' असा रकाना होता. तिथे एकच शब्द होता. त्यावर मॅडमनी लाल शाईत बरोबरची खूण केली होती.

आता कपाटात बारा पिशव्या आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. काल रात्री पावणेबाराला मी स्वयंपाकघरात गेलो. साबण लावून वीस सेकंद, नखांखालून, अंगठ्यांभोवती, नीट हात धुतले. स्वच्छ टॉवेलला पुसले. मग ओट्यावरचं ब्रेडचं उरलेलं पाकीट हळूच ओढलं. त्यावर पेनने काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून उजेडात नेऊन बघितलं.

'१३', असं लिहिलं होतं.

मी आत मोजले. तेराच होते.