पदकं पेन स्टेटची, मिशीला पीळ बिग टेनचा

अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा हंगाम मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेने संपतो, आणि दर मार्चला एकच दावा नव्याने फिरायला लागतो. आमच्या कुस्तीवेड्या व्हॉट्सॲप गटावर तो इतक्या वेळा आलाय की आता तोंडपाठ झाला आहे. थोडक्यात असा: बिग टेन म्हणजेच कॉलेज कुस्ती. २००७ पासून सांघिक विजेतेपद बिग टेनच्या बाहेर गेलेलं नाही. सगळ्यात जास्त वैयक्तिक विजेते तिथले, सगळ्यात जास्त ऑल-अमेरिकन तिथले, राष्ट्रीय स्पर्धेच्या सगळ्यात जास्त जागाही तिलाच. बिग टेनची स्पर्धा जिंकणं हे राष्ट्रीय स्पर्धा जिंकण्यापेक्षा अवघड. बाकीच्या कॉन्फरन्स नुसत्या भरतीला.

ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट: बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी, ईआयडब्ल्यूए वगैरे. दहा वजनगट असतात, मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक कॉन्फरन्सची आपली स्पर्धा होते, तिथून सगळ्या मिळून दर वजनात ३३ मल्ल राष्ट्रीय स्पर्धेला जातात आणि पहिले आठ ‘ऑल-अमेरिकन’ म्हणवतात.

बिग टेन दुबळी आहे असं मला म्हणायचं नाही. बहुतेक वर्षी ती सगळ्यात तगडी कॉन्फरन्स असते, हे मी आधीच कबूल करतो. माझं भांडण पुराव्याशी आहे.

“२००७ पासून सांघिक विजेतेपद बाहेर गेलेलं नाही”

खरं आहे. २००७ ते २०२५ या काळात, करोनाने रद्द झालेली २०२० ची स्पर्धा सोडून, अठरा विजेतेपदं झाली आणि अठराच्या अठरा बिग टेनमध्ये गेली. आता ती वाटून बघा. पेन स्टेट १२, आयोवा ४, मिनेसोटा १, ओहायो स्टेट १. बिग टेनमध्ये कुस्तीचे संघ चौदा आहेत. म्हणजे दहा संघांनी या काळात एकही विजेतेपद घेतलेलं नाही, आणि तरी त्यांचे चाहते “आमची अठरा” म्हणून छाती पुढे काढतात. शेजारच्या वाड्यातला पोरगा बोर्डात पहिला आला म्हणून आख्ख्या आळीने पेढे वाटावेत, तसं हे.

राष्ट्रीय स्पर्धेची गुणपद्धतच अशी आहे की ती वरच्या टोकाला भरभरून देते. पहिल्या क्रमांकाला १६ गुण, दुसऱ्याला १२, आठव्याला ३. शिवाय प्रत्येक विजयाबरोबर पुढे सरकण्याचे गुण, आणि प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं तर वर २. दहापैकी पाच-सहा मल्ल उपांत्य फेरीत गेले की बाकीचे पहिल्याच दिवशी हरले तरी काम फत्ते. याला अपवाद नाहीत असं नाही. २००१ मध्ये मिनेसोटाचा एकही मल्ल अंतिम फेरीत नव्हता, पण दहाही जण ऑल-अमेरिकन झाले आणि विजेतेपद त्यांचं. तो माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात देखणा सांघिक विजय. पण तोही एका संघाचा दमखम होता. कॉन्फरन्समधल्या इतर संघांबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

२०२४ घ्या. पेन स्टेटचे गुण १७२.५. दुसऱ्या क्रमांकावर ७२.५, बरोबर शंभर गुणांनी मागे. आणि तो दुसरा संघ होता कॉर्नेल, जो तेव्हा ईआयडब्ल्यूएमध्ये खेळत होता. पेन स्टेट बाजूला काढली तर त्या वर्षी देशातला पहिला संघ बिग टेनचा नव्हता.

“सगळ्यात जास्त वैयक्तिक विजेते तिथलेच”

इथे मात्र आकडे सलग ठेवावे लागतात, कारण दावा करणारे नेहमी सोयीचं वर्ष उचलतात. दहा वजनांतले बिग टेनचे विजेते: २०२१ मध्ये सहा, २०२२ मध्ये आठ, २०२३ मध्ये तीन, २०२४ मध्ये पाच, २०२५ मध्ये सात. आठवरून तीनवर आणि तिथून परत सातवर. कॉन्फरन्सची ताकद एका वर्षात अशी कोसळत नाही आणि दोन वर्षांत अशी उसळत नाही. दहा अंतिम लढती हा नमुना इतका लहान आहे की त्यात नशीब, दुखापत आणि एखादा चुकलेला पट यांचाच आवाज मोठा येतो.

२०२३ वर थोडा थांबतो, कारण ते वर्ष या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. १२५ पौंडांत प्रिन्स्टनचा पॅट ग्लोरी. १३३ मध्ये कॉर्नेलचा व्हिटो अरुजाउ. १४९ मध्ये कॉर्नेलचाच यानी डायाकोमिहालिस, त्याचं ते चौथं विजेतेपद. हे तिघं ईआयडब्ल्यूएचे. एसीसीचे दोन: नॉर्थ कॅरोलायनाचा ऑस्टिन ओकॉनर आणि पिट्सबर्गचा नीनो बोनाकोर्सी. बिग ट्वेल्व्हचे दोन: नॉर्दर्न कोलोराडोचा अँड्र्यू अलिरेझ आणि मिझुरीचा कीगन ओटूल. बिग टेनला उरले तीन, आणि त्यातले दोन पेन स्टेटचे. त्याच वर्षी सांघिक विजेतेपद परत पेन स्टेटलाच होतं! एकाच स्पर्धेतून दोन उलटे निष्कर्ष निघतात, आणि फिरतो तो सोयीचा.

पुढच्या वर्षी, त्या शंभर गुणांच्या विजयाच्या वर्षी, निम्मे विजेते बाहेरचे होते: ॲरिझोना स्टेट, कॉर्नेल, व्हर्जिनिया टेक, आयोवा स्टेट आणि नॉर्दर्न आयोवा. चार वेगवेगळ्या कॉन्फरन्स. बिग टेनच्या पाचांपैकी चार पुन्हा पेन स्टेटचे.

“ऑल-अमेरिकन तिथलेच जास्त”

हो, आणि संघही तिथलेच जास्त. चौदा संघ गुणिले दहा वजनं म्हणजे कॉन्फरन्स स्पर्धेत १४० मल्ल उतरू शकतात. २०२३ मध्ये एसीसीकडे कुस्तीचे सहाच संघ होते, म्हणजे ६०. एकूण बेरीज लावली तर मोठा गट पुढे असणारच. त्या वर्षी सहा संघांतून दोन विजेते आणि चौदा संघांतून तीन, हे दर संघामागे मोजलं की चित्र पार बदलतं.

पण हाच नियम उलटाही लावायला हवा, नाहीतर मीही तेच करतोय. ईआयडब्ल्यूएमध्ये तेव्हा पंधराहून जास्त संघ होते. कॉर्नेल, प्रिन्स्टन आणि आणखी एक-दोन सोडले तर राष्ट्रीय गुणतक्त्यात बाकीचे तळाशीच सापडायचे. तीन विजेते असूनही दर संघामागे गुण मोजले तर ती कॉन्फरन्स बिग टेनच्या जवळपासही नव्हती. बिग टेनचं खरं बळ आहे ते मधल्या फळीत. तिथल्या पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा मल्ल राष्ट्रीय स्पर्धेत पदकाच्या फेरीत दिसतो, तसा दुसरीकडे क्वचित दिसतो. बिग टेनच्या चाहत्यांनी ही गोष्ट मांडली असती तर मी हा लेख लिहिला नसता. ते विजेतेपदं मोजत बसतात.

“राष्ट्रीय स्पर्धेच्या जागाच जास्त मिळतात, म्हणजे संघटनेनेच मान्य केलंय”

जागा कॉन्फरन्सची इभ्रत बघून दिल्या जात नाहीत. दर वजनातल्या दर मल्लाची त्या हंगामातली विजयाची टक्केवारी, आरपीआय म्हणजे प्रतिस्पर्धी किती दमदार होते याचा निर्देशांक, आणि प्रशिक्षकांची क्रमवारी असे निकष असतात. जो त्यांतले किमान दोन निकष पुरे करतो, तो आपल्या कॉन्फरन्ससाठी एक जागा कमावतो. उरलेल्या जागा नंतर निवडीने भरतात. त्यामुळे हा आकडा पुन्हा संघांच्या संख्येशी बांधलेला आहे. वर प्रशिक्षकांच्या क्रमवारीत थोडाफार नावाचा दबदबा शिरतोच. माणसं आहेत शेवटी.

“बिग टेनची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा अवघड”

हे वाक्य समालोचकांनाही फार आवडतं. त्याची परीक्षा सोपी आहे: बिग टेनचे विजेते दोन आठवड्यांनी राष्ट्रीय मॅटवर काय करतात ते बघायचं. २०२३ मध्ये पेन स्टेटचा रोमन ब्राव्हो-यंग, आयोवाचा रियल वुड्स आणि पेन स्टेटचाच लीवाय हेन्स हे तिघंही बिग टेन जिंकून आले आणि राष्ट्रीय अंतिम लढतीत बाहेरच्या कॉन्फरन्सच्या मल्लांकडून हरले. २०२४ मध्ये मिचेल मेसेनब्रिंकला आयोवा स्टेटच्या डेव्हिड कारने अडवलं. २०२५ मध्ये तर टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन, तोही ताजा बिग टेन विजेता, ओक्लाहोमा स्टेटच्या वायट हेन्ड्रिक्सनकडून ५-४ असा शेवटच्या काही सेकंदांत हरला. ज्याने तो शेवटचा डाव पाहिला, त्याच्यापुढे “अवघड स्पर्धा कुठली” हा वाद काढायला जाऊ नये.

एवढंच कशाला, बिग टेनचे निकाल बिग टेनच्याच मल्लांबद्दलही शेवटचा शब्द नसतात. २०२३ चा बिग टेन विजेता, आयोवाचा स्पेन्सर ली, चौथ्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या वाटेवर होता. उपांत्य फेरीत त्याला पर्ड्यूच्या मॅट रामोसने चितपट केलं. पर्ड्यू बिग टेनमध्येच आहे. मग अंतिम फेरीत रामोसला हरवलं प्रिन्स्टनच्या ग्लोरीने. आपल्याकडे फडात बसलेले जुने पैलवान म्हणतात तसं, कागदावरची जोड आणि मातीतली जोड वेगळी.

“हे असंच चालत आलंय”

नाही. राष्ट्रीय स्पर्धा १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९७५ मध्ये आयोवाने पहिलं विजेतेपद घेईपर्यंत बिग टेनच्या खात्यावर दोनच सांघिक विजेतेपदं होती: १९३२ चं इंडियाना आणि १९६७ चं मिशिगन स्टेट. जवळपास अर्धं शतक कुस्तीची राजधानी ओक्लाहोमा होती. ओक्लाहोमा स्टेटची एकूण ३४ विजेतेपदं हा आजही विक्रम आहे, आयोवा २४ वर आहे. पेन स्टेटचं १९५३ चं विजेतेपद? तेव्हा ती बिग टेनमध्ये नव्हतीच.

आणि इथेच मला सगळ्या तुलनेचा पाया ठिसूळ वाटतो. कॉन्फरन्स हा मल्लाचा पत्ता आहे, आणि पत्ते बदलतात, बहुतेक वेळा अमेरिकन फुटबॉलच्या पैशासाठी. नेब्रास्का २०११ पर्यंत बिग ट्वेल्व्हमध्ये होती; २०२५ मध्ये तीच बिग टेनची म्हणून देशात दुसरी आली, तिचे दोन विजेते बिग टेनच्या सातांत मोजले गेले. मिझुरी आणि ओक्लाहोमा फुटबॉल एसईसी या दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये खेळतात, पण एसईसीत कुस्तीच नाही म्हणून कुस्तीपुरत्या बिग ट्वेल्व्हमध्ये असतात. बिग टेनने २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं घेतली, त्यांपैकी एकाकडेही कुस्तीचा संघ नाही. २०२५ पासून आयव्ही लीगच्या सहा विद्यापीठांनी (कॉर्नेल, प्रिन्स्टन त्यांतलीच) ईआयडब्ल्यूएतून बाहेर पडून स्वतःची स्पर्धा सुरू केली. एका रात्रीत ईआयडब्ल्यूए ‘कमजोर’ झाली, पण कॉर्नेलचा एकही मल्ल त्या रात्रीत दुबळा झाला नाही.

मल्लही फिरतात. २०२५ चा १९७ पौंडांचा विजेता स्टीव्हन ब्युकॅनन आयोवाकडून जिंकला, म्हणून बिग टेनचा. पण त्याआधी तो वायोमिंग आणि ओक्लाहोमाकडून खेळला, दोन्ही बिग ट्वेल्व्हच्या. १७४ पौंडांचा विजेता डीन हमिती ओक्लाहोमा स्टेटचा, म्हणून बिग ट्वेल्व्हचा. पण त्याला घडवलं बिग टेनमधल्या विस्कॉन्सिनने. आता यांची गुणपत्रिका कुणाच्या नावावर लावायची ते फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी एकदा ठरवून कळवावं.

वस्तादांचीही तीच गत. पेन स्टेटचं साम्राज्य उभारणारा केल सँडरसन स्वतः आयोवा स्टेटचा, बिग ट्वेल्व्हमध्ये १५९ लढती खेळून एकही न हरलेला. २००९ मध्ये आयोवा स्टेटचं प्रशिक्षकपद सोडून तो पेन स्टेटला गेला. आणि त्याचा तिथला शिष्य डेव्हिड टेलर, टोकियोचा सुवर्णविजेता, २०२४ मध्ये ओक्लाहोमा स्टेटचा प्रशिक्षक झाला. पहिल्याच हंगामात त्याने संघ राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आणला, बिग ट्वेल्व्हच्या नावावर.