दक्षिण नाही म्हणून पॅनल वाढवू नका म्हणे!

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, छत दक्षिणेला नसेल तर जास्तीचे सोलर पॅनल लावू नका, पूर्व-पश्चिमेला निम्मीच वीज मिळते, उत्तरेला शून्य, आणि वेगळ्या दिशेचे पॅनल जोडले की आधीची सिस्टिमपण बिघडते. हे वाचून आमच्या मामांनी पश्चिमेच्या पत्र्यावर चार पॅनल वाढवायचा बेतच रद्द केला, म्हणून लिहितोय.

निम्मी वीज हे साफ चुकीचं आहे. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, जर्मनीसारखं 50 वर नाही, आपल्याकडे ऊन डोक्यावरून जातं, मेच्या मध्यात शून्य सावली दिवस होतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उलट उत्तरेला असतो. उतार 10-15 अंशांचा असेल तर पूर्व-पश्चिमेला वर्षाची वीज दक्षिणेपेक्षा साधारण 5 ते 10 टक्केच कमी.

उत्तरेचं म्हणाल तर शून्य नक्कीच नाही, पण कोकणातल्या कौलारू घरासारखा उभा उतार असेल तर ती बाजू मीपण टाळेन, हिवाळ्यात तिथं फार कमी मिळतं.

आधीच्या सिस्टिमची वीज घटते कधी, तर दोन दिशांचे पॅनल एकाच सिरीजमध्ये, म्हणजे एकाच माळेत (स्ट्रिंगमध्ये) ओवले तर. इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी (प्रत्येक स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त वीज काढणारे वेगळे इनपुट) असतील तर पश्चिमेची स्ट्रिंग दुसऱ्यावर घ्यायची, विषय संपला. आमच्याकडे असंच केलंय, चार वाजता अ‍ॅप उघडलं की दक्षिणेचा आकडा उतरत असतो आणि पश्चिमेचा अजून तग धरून असतो. दोन्हींचा जोर एका वेळी येत नाही, म्हणून 5 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर 6 किलोवॅटचे पॅनलपण सहसा चालतात, फक्त कंपनीने दिलेली व्होल्टेजची मर्यादा सोलरवाल्याकडून तपासून घ्या.

खरं नुकसान करते ती सावली, एका पॅनलवर पडली तरी अख्खी स्ट्रिंग ढेपाळू शकते, आणि मेसेजात तिचा एक शब्द नाही! खर्चाचंही नाही, सूर्यघर योजनेची सबसिडी 3 किलोवॅटला 78,000 वर थांबते, पुढचे पॅनल स्वतःच्या खिशातून, शिवाय महावितरणकडे अर्ज करावा लागतो आणि मंजूर भार कमी असेल तर त्याचंही तिथेच विचारून घ्या.

तर मामा, बेत रद्द करू नका, येत्या डिसेंबरात सकाळी 9, दुपारी 12 आणि 4 वाजता पाण्याच्या टाकीची सावली पत्र्यावर कुठपर्यंत येते ते खडूने आखून ठेवा, मी येतो मोजायला.